विश्लेषण : जाकीट, सोवळे आणि संमतिवय… रोजच्या प्रश्नांना तत्त्वज्ञानाची कसोटी लावणाऱ्या आगरकरांचे वेगळेपण काय?

बायकांनी अंगात जाकीट घालावे का? प्रेत स्मशानात कसे न्यावे? सोवळे म्हणजे स्वच्छता की आणखी काही? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील एक साप्ताहिक असल्या प्रश्नांवर गंभीर लेख छापत होते. लिहिणारे संपादक तत्त्वज्ञान शिकलेले आणि महाविद्यालयात शिकवणारे होते. त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर. शाळेच्या पुस्तकात ते थोर समाजसुधारक म्हणून दोन-चार ओळींत उरकले जातात. टिळकांचे मित्र आणि नंतरचे विरोधक ही ओळख तर त्याहून पक्की. पण आगरकरांनी नेमके केले काय, ते कशाच्या आधारावर केले आणि त्यांचे कोणते प्रश्न आजही कोर्टात आहेत, हे फारसे सांगितले जात नाही.

टेंभू ते डेक्कन कॉलेज : हा प्रवास कसा झाला?

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी लहानपणीच आजोळी, कऱ्हाडला राहावे लागले. तिथले शिक्षण संपल्यावर पुढे काय, याला उत्तर नव्हते. कचेरीत उमेदवारी करून झाली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम करून झाले. शिकण्यासाठी रत्नागिरीला पायी जाऊन पाहिले, पण तिथे निभाव लागला नाही. अखेर नातेवाइकांच्या आधाराने अकोला गाठले आणि १८७५ मध्ये तिथून मॅट्रिकची परीक्षा दिली.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती आणि फुटकळ लेखन यांवर गुजराण सुरू झाली. अंगातला एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्या काळातली गोष्ट पुढे पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले, नंतर एम. ए. त्या काळात एवढ्या शिक्षणावर सरकारी नोकरी जवळपास ठरलेली असे. मामलेदारी, मुन्सफी, मग बढती. टेंभूत दिवस काढणाऱ्या आईचीही हीच अपेक्षा असणार. आगरकरांनी तिला पत्र लिहून मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे, असे कळवले.

हे पत्र नेहमी त्यागाचा नमुना म्हणून सांगितले जाते. ते तसे आहेच. पण त्यात एक अडचणीचा प्रश्नही दडलेला आहे. ज्या आईने हालअपेष्टा सोसून मुलाला वाढवले तिच्याविषयीचे कर्तव्य मोठे, की ज्यांना कधी पाहिलेही नाही अशा लोकांविषयीचे? आगरकरांनी उत्तर दिले, त्याचा बोजा मात्र घरातल्या माणसांनी उचलला. हा हिशेब पुढे त्यांच्या संसारातही लागला.

मिल आणि स्पेन्सर यांच्याकडून काय घेतले?

डेक्कन कॉलेजात आगरकरांच्या हाती जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर आले. त्या पिढीतल्या अनेकांनी हे दोघे वाचले. बहुतेकांनी परीक्षेपुरते वाचले. आगरकरांनी त्यांच्यातून वापरायची हत्यारे काढली.

मिलकडून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. एक, कोणत्याही आचाराचे मोल त्याने माणसांच्या सुखात भर पडते की दुःखात, यावरून ठरवायचे. तो आचार किती जुना आहे किंवा कोणत्या ग्रंथात सांगितला आहे, याने फरक पडत नाही. दोन, जोवर एखाद्याच्या वागण्याने दुसऱ्याला इजा होत नाही तोवर त्याच्या मोकळिकीत समाजाने किंवा सरकारने हात घालू नये. स्पेन्सरकडून उत्क्रांतीची दृष्टी आली. रूढी आकाशातून पडत नाहीत. कधीतरी, कुठल्यातरी कारणाने त्या सुरू होतात, कारण संपते आणि रूढी तशीच राहते. देवतांच्या कल्पनाही अशाच भीती आणि पूर्वजपूजा यांतून वाढत गेल्या, असे त्यांनी ‘देवतोत्पत्ती’ या लेखात मांडले. ईश्वर आहे की नाही हे माणसाला कळणे शक्य नाही, पण नीतीने वागायला ते कळण्याची गरजही नाही, अशी त्यांची भूमिका होती. यालाच अज्ञेयवाद म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने ते सारे टाका, असे आगरकर म्हणत नव्हते. प्रत्येक जुन्या गोष्टीला तिचे कारण विचारा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कारण पटले तर ठेवा. आणि पाश्चात्त्यांचे म्हणून काही उचलायचे असेल तर त्यालाही हाच प्रश्न विचारा. हे ऐकायला सोपे वाटते. घरात बसून एका दिवसाच्या आचारांना हा प्रश्न विचारून पाहिला की अडचण कळते.

डोंगरीच्या तुरुंगात का जावे लागले?

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढच्या वर्षी आगरकर तिथे शिकवायला आले. जानेवारी १८८१ मध्ये याच मंडळींनी मराठीतून ‘केसरी’ आणि इंग्रजीतून ‘मराठा’ ही पत्रे काढली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते. टिळकांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या पत्राची पहिली सहा-सात वर्षे आगरकरांच्या संपादनाखाली गेली, हे आज अनेकांच्या लक्षात नसते.

वर्षभरातच पहिला फटका बसला. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होत आहे, असा मजकूर या पत्रांनी छापला. आधाराला काही पत्रे होती आणि ती बनावट निघाली. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. हेतू चांगला होता, पुरावा खोटा होता. पत्रकारितेच्या नीतीचा हा धडा दोघांनाही पंचविशीतच मिळाला.

तुरुंगातल्या दिवसांवर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतरही त्याच काळातले. एका कोठडीत दोन मित्र, वेळच वेळ, आणि रात्र रात्र चालणारे वाद. आधी राजकीय हक्क की आधी घराची सुधारणा, हा पुढे दोघांना तोडणारा प्रश्न तिथेही चर्चेत होता. तेव्हा तो मैत्रीतला वाद होता.

टिळकांशी मतभेद नेमका कशावर?

शाळा-कॉलेजांत शिकवली जाणारी सोपी मांडणी अशी : टिळक म्हणाले आधी स्वराज्य, आगरकर म्हणाले आधी सुधारणा. ती पूर्ण चूक नाही, पण अपुरी आहे.

आगरकर सरकारचे भाट नव्हते. इंग्रजी राज्यात हिंदुस्थानची होणारी लूट, अधिकाऱ्यांचे भारी पगार आणि रयतेची हलाखी यांवर त्यांनी कडक लिहिले आहे. ‘हिंदुस्थानचे राज्य कोणासाठी?’ या शीर्षकातच त्यांचा रोख कळतो. टिळकही बालविवाह चांगला असे म्हणत नव्हते. फरक होता तो गुलामगिरीकडे पाहण्यात. ‘गुलामांचे राष्ट्र’ या लेखात आगरकरांनी गुलामगिरीला मनाची सवय मानले. जो माणूस घरात वडीलधाऱ्यापुढे, गावात भटजीपुढे आणि जातीत पंचांपुढे कारण न विचारता मान तुकवतो, तो राजापुढेही तुकवणार. अशांच्या हाती राज्य आले तरी ते फक्त मालक बदलतील. टिळकांच्या मते परकी सत्ता हटवायची तर समाज एकत्र ठेवला पाहिजे, आणि त्याच्या श्रद्धांवर घाव घातले तर तो फुटेल. दोन्ही बाजूंना तर्क होता. म्हणूनच भांडण इतके लांबले.

त्यात १८८४ पासून दोन प्रकरणांनी तेल ओतले. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर सरकारने कायदा करावा अशी टिपणे काढली. त्याच वर्षी रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात गेला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. त्या पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

‘केसरी’च्या मंडळींचा कल नवऱ्याच्या बाजूने होता. संपादक आगरकरांचे मत नेमके उलट होते. ज्या कराराला एका पक्षाची समजून-उमजून संमती नाही तो करार कसला, हा त्यांचा मुद्दा. आपल्याच पत्रात आपल्या मताला जागा नाही अशी अवस्था झाल्यावर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे साप्ताहिक काढले आणि त्याचे नावच ‘सुधारक’ ठेवले. त्या काळच्या पुण्यात हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता. पत्राचा एक भाग मराठी आणि एक इंग्रजी. इंग्रजी बाजू सांभाळायला बावीस वर्षांचा एक सहकारी शिक्षक होता, गोपाळ कृष्ण गोखले.

‘सुधारक’ने वेगळे काय केले?

समाजसुधारणेवर बोलणारे तेव्हा पुण्यात कमी नव्हते. न्यायमूर्ती रानडे होते, प्रार्थना समाज होता. त्यांची रीत अशी की सुधारणेला शास्त्राचा आधार शोधायचा. विधवाविवाह पराशर स्मृतीला मान्य आहे, मग तुम्हाला का नसावा, असा युक्तिवाद करायचा. आगरकरांनी हा रस्ता सोडला. शास्त्रात आधार सापडला तर ठीक, पण उद्या एखादा शास्त्री उलट वचन घेऊन आला तर काय करणार? त्यापेक्षा ते थेट विचारत, याने कोणाचे भले होते आणि कोणाचे हाल होतात?

आणि हा प्रश्न त्यांनी अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनाही लावला. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, या लेखावरून त्यांची थट्टा झाली. एवढ्या शिकलेल्या माणसाला दुसरा विषय मिळाला नाही का, असा सूर होता. पण आगरकरांच्या दृष्टीने तत्त्व तेच होते. कपडा अंगाच्या रक्षणासाठी आणि सोयीसाठी असतो. तो काम करत नसेल तर बदलायचा. पुरुषांनी कोट, बूट, टोपी यांत सोयीने बदल केले तेव्हा धर्म बुडाला नाही. बाईने एक वस्त्र जास्त घातले की तो कसा बुडतो? जाकिटाच्या आडून खरा प्रश्न हा होता की बदलाची परवानगी फक्त पुरुषालाच का.

‘सोवळ्याची मीमांसा’ हा लेखही याच जातीचा. स्वच्छता हवी, यात वाद नाही. पण ओले धोतर नेसून थंडीत कुडकुडण्याने स्वच्छता कशी येते? मळके पण सोवळ्यातले वस्त्र शुद्ध, आणि धुतलेले पण शिवलेले वस्त्र अशुद्ध, हे गणित कोणते? ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ या लेखात त्यांनी हात घातला तो सर्वांत नाजूक जागी. मेलेल्या माणसाच्या घरी दुःखाच्या दिवसांत चालणाऱ्या विधींची त्यांनी निर्दय चिरफाड केली. अशा वेळी कोणी प्रश्न विचारत नाही, आणि नेमके म्हणूनच या रूढी टिकतात.

शिक्षणावर त्यांनी जे लिहिले ते त्या काळी सुधारकांनाही झेपण्यासारखे नव्हते. मुलींना शिकवा, इथवर अनेकजण आले होते. चांगली गृहिणी घडावी, मुलांवर संस्कार व्हावेत, हे त्याचे समर्थन. आगरकरांनी मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र बसवून द्या, असे मांडले. लग्न जोडीदारांनी एकमेकांना पारखून करावे, आणि न पटले तर ते मोडण्याचा मार्ग असावा, हेही त्यांनी लिहिले. हिंदूंना घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा मिळाला तो १९५५ मध्ये.

त्यांच्या भाषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. विषय तत्त्वज्ञानाचा असला तरी वाक्य घरगुती असे. संस्कृत वळणाच्या लांब वाक्यात मधेच स्वयंपाकघरातला शब्द येई. ‘वाक्यमीमांसा’ हे मराठी वाक्यांच्या व्याकरणावरचे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला वाक्य कुठे वळवायचे हे माहीत होते. उपहासाची धार मात्र कधीकधी इतकी होती की पटणारा वाचकही दुखावला जाई. रानड्यांचा मवाळपणा लोकांना जोडून ठेवत होता. आगरकरांना तो जमला नाही, बहुधा जमवायचाही नव्हता.

संमतिवयाचा वाद काय होता?

तत्त्व आणि व्यवहार यांची खरी टक्कर १८९०-९१ मध्ये झाली. इंडियन पीनल कोडनुसार दहा वर्षांखालील मुलीशी, ती पत्नी असली तरी, शरीरसंबंध हा बलात्कार होता. १८९० मध्ये कोलकात्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी प्रौढ नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीत मरण पावली. ती दहा वर्षांच्या वर असल्याने बलात्काराचा आरोप लागूच होईना. नवऱ्याला एका वर्षाची सक्तमजुरी झाली आणि प्रकरण संपले. त्यानंतर सरकारने दहाची मर्यादा बारा करण्याचे विधेयक आणले.

फक्त दोन वर्षांची वाढ. पण पुण्यात वादळ उठले. विरोधकांचा एक गट म्हणत होता की गर्भाधानाच्या शास्त्राला यामुळे बाधा येते. दुसरा, जास्त वजनदार मुद्दा टिळकांचा होता. परक्या सरकारला आमच्या घरात कायदा करायचा हक्क नाही, सुधारणा समाजाने स्वतः करावी. ते नुसते म्हणून थांबले नाहीत. मुलींची लग्ने सोळाव्या आणि मुलांची विसाव्या वर्षाआधी करणार नाही, हुंडा घेणार नाही, विधवांचे केस काढणार नाही, असे स्वतःवर बंधन घालून घ्या, असा प्रस्ताव त्यांनी सुधारकांपुढे ठेवला. कायद्यातल्या बारा वर्षांपेक्षा हे वय कितीतरी पुढचे होते. त्यामुळे टिळकांना केवळ सनातनी ठरवणे सोपे असले तरी बरोबर नाही.

मग आगरकर कायद्याच्या बाजूने का गेले? त्यांचा युक्तिवाद मिलच्या दुसऱ्या सूत्रातून येतो. माणसाच्या मोकळिकीत सरकारने पडू नये, हे खरे. पण ही मोकळीक स्वतःपुरती असते. दुसऱ्याच्या शरीराला इजा करण्याची मोकळीक कोणालाच नाही, आणि तो दुसरा म्हणजे स्वतःचा बचाव करू न शकणारे मूल असेल तर सरकारने पडलेच पाहिजे. समाज शिकेल, मन वळेल, पन्नास वर्षांत प्रथा आपोआप जाईल, हे सगळे मान्य केले तरी त्या पन्नास वर्षांतल्या मुलींचे काय? प्रस्तावावर सही करणारे सज्जन होते. पण सही न करणाऱ्यांच्या घरातल्या मुलीला सज्जनांच्या सहीचा उपयोग नव्हता. शिवाय सरकारने घरात शिरू नये म्हणणाऱ्यांकडे एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. दहा वर्षांची मर्यादा आधीपासून कायद्यात होतीच. मग दहापर्यंत न बुडालेला धर्म बाराला कसा बुडतो?

मार्च १८९१ मध्ये विधेयक मंजूर झाले. पुण्यात सभा उधळण्यापर्यंत प्रकार गेले होते. या वर्षांतल्या कडवटपणाची सर्वांत जास्त सांगितली जाणारी आठवण म्हणजे आगरकरांची जिवंतपणी काढलेली प्रेतयात्रा. विरोधकांनी त्यांचा पुतळा तिरडीवर बांधला आणि रस्त्याने मिरवला. घरात बायकोमुले होती.

विद्यालयातील भांडण आणि पगाराचा प्रश्न

याच काळात आणखी एक संघर्ष चालू होता. त्यात धर्म नव्हता, परकी सरकार नव्हते. होता तो पगार. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सदस्यांनी ठरावीक, तुटपुंज्या मानधनावर शिकवायचे ही अट होती. टिळकांचा आग्रह होता की सर्वांना सारखेच मिळावे आणि बाहेरची कमाई कोणी करू नये. व्रत घेतले तर ते पुरते पाळावे. आगरकर आणि इतर काहींचे मत होते की संसार वाढला की गरज वाढते, आणि गरजेपुरती सवलत मागणे म्हणजे व्रतभंग नव्हे.

हा वाद क्षुद्र वाटू शकतो, पण सार्वजनिक कामात पडलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. पैशासाठी आलो नाही, हे सांगणारा माणूस किती पैसे मागू शकतो? स्वतः पूर्ण त्याग करणाऱ्याला दुसऱ्याकडून तेवढाच त्याग मागण्याचा अधिकार आहे का? डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला, कॉलेजातील नोकरी मात्र टिकली. तेव्हा प्राचार्य आगरकर होते. वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर, १८९२ पासून, ती जबाबदारी त्यांच्याकडे आली होती.

स्वतःच्या घरात काय चित्र होते?

सुधारकाला सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असतो, तुमच्या घरी काय? पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, सश्रद्ध होत्या. व्रते, पूजा, सोवळे हे सगळे त्यांच्या स्वयंपाकघरात चालू होते. ज्यांच्या लेखणीने सोवळ्याची खिल्ली उडवली त्यांच्याच घरात सोवळे पाळले जात होते. विरोधकांनी यावर बोट ठेवले नसते तरच नवल.

आगरकरांनी पत्नीवर सक्ती केली नाही. याचे दोन अर्थ लावले गेले. एक, ते बाहेर बोलत होते तेवढे घरात करू शकले नाहीत. दुसरा, मत बदलण्यासाठी जबरदस्ती करणे हे त्यांच्याच तत्त्वाविरुद्ध होते. दुसरा अर्थ जास्त पटतो. यशोदाबाईंच्या पूजेने कोणाला इजा होत नव्हती. बारा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत कायदा मागणारा आणि बायकोच्या देवघरात ढवळाढवळ न करणारा, असा माणूस एकाच सूत्राने वागत असू शकतो. पण यशोदाबाईंच्या बाजूनेही पाहायला हवे. गावाने वाळीत टाकल्यासारखी वागणूक द्यायची, नातलगांनी टाळायचे, तुटपुंज्या पगारात घर चालवायचे, आणि हे सगळे ज्या मतांसाठी ती मते आपली नाहीत. या बाजूचा हिशेब मराठी चरित्रांनी फार उशिरा मांडला.

टीका कोणती झाली?

आगरकरांच्या लेखनातले घर बहुतेक वेळा पांढरपेशा ब्राह्मणाचे घर असते. सोवळे, केशवपन, मुंज, सक्तीचे वैधव्य हे प्रश्न ज्या जातींत तीव्र होते तिथलेच. जातिभेदावर त्यांनी टीका केली, पण जातीच्या उतरंडीतला तळाचा माणूस त्यांच्या लेखनाचा केंद्रबिंदू नव्हता. त्याच पुण्यात जोतीराव फुले हा प्रश्न कितीतरी आधीपासून आणि कितीतरी खोलवर मांडत होते. डोंगरी प्रकरणात फुल्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी मदत केली होती, तरी दोन प्रवाह फारसे एकत्र आले नाहीत.

पद्धतीतला फरकही बोलका आहे. विधवांच्या केशवपनाविरुद्ध आगरकर लेख लिहून वाचकाच्या बुद्धीला आवाहन करत होते. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कामगार नेत्याने थेट न्हाव्यांची सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांच्याकडूनच ठरवून घेतले. युक्तिवाद एक आणि वस्तरा खाली ठेवणे दुसरे. दोन्हींची गरज होती, पण आगरकरांच्या हाती पहिलेच साधन होते.

शेवटची वर्षे कशी गेली?

आगरकरांना तरुणपणापासून दमा होता. शिकवणे, प्राचार्यपद आणि दर आठवड्याचा अंक या ओझ्याने तो वाढत गेला. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा खर्च बायकोला कोणाकडे मागावा लागू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. ‘केसरी’त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. विश्राम बेडेकरांच्या ‘टिळक आणि आगरकर’ या नाटकाने हे नाते पुढे रंगभूमीवर आणले, आणि आज बहुतेकांच्या मनातले आगरकर त्या नाटकातले आहेत.

त्यांच्या प्रश्नांचे आज काय झाले?

१९२९ च्या सारडा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ केले, १९७८ मध्ये ते १८ झाले. पण १८९१ मध्ये ज्या कलमावर पुणे पेटले, ते वेगळ्याच संथ गतीने बदलले. पत्नीच्या बाबतीत बलात्काराच्या व्याख्येतली वयाची सूट पुढे १५ वर्षांवर येऊन थांबली होती. म्हणजे लग्न १८ च्या आत बेकायदा, पण १५ पुढच्या पत्नीशी तिच्या इच्छेविरुद्ध संबंध हा बलात्कार नाही. ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये दूर केली आणि मर्यादा १८ वर्षांवर नेली. अठरा वर्षांवरील पत्नीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. तिथे सरकारने घरात शिरावे का, हाच वाद जवळपास त्याच शब्दांत चालू आहे.

रखमाबाईंना ज्या तरतुदीखाली कोर्टात खेचले गेले, ती हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ च्या रूपात टिकून आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. आदेश न पाळल्यास आता तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

आणि विधवांच्या प्रथांबद्दल : मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे परिपत्रक काढले. हेरवाड शिरोळ तालुक्यात आहे.